‘विथ’ आणि पहिल्या रांगेतले वकील

रविवार, ५ ऑगस्ट १९५१

आजच्या भाषणाची सुरुवात चांगली साधली, म्हणून आठवते तशी लिहून ठेवतो.

“मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेल्या कोल्हापूरकरांनो! तुमच्यातला कुणी छापखान्यात खिळे जुळवतो, कुणी मोटारीखाली पाठ टेकून निजतो, कुणी दरबारच्या कचेरीत मोडी लिहीत होता आणि आता मुंबईहून आलेला इंग्रजी कागद पुढे घेऊन शिपायाच्या तोंडाकडे बघतो. तुम्हाला लोक ढ म्हणाले. तुम्ही ढ नव्हता! तुमच्याकडून शब्द पाठ करून घेतले, पण तो शब्द कुठला, कुणाच्या घरचा, इकडे कशाला आला, हे एकाही मास्तराने सांगितले नाही. दारात परका माणूस आला तर आपण आधी त्याचे गाव विचारतो. शब्दाला का विचारत नाही?”

टाळ्या अशा पडल्या की आतल्या कुस्तीच्या हौद्यातले पैलवान जोर मारायचे थांबून दारात आले. माझा इंग्रजीचा वर्ग तालमीच्या पुढच्या खोलीत भरतो. शाळेची नोकरी मी सोडली (खरे म्हणजे हेडमास्तरांना भर सभेत गुलाम म्हटल्यावर तिनेच मला सोडले), तेव्हापासून मौलाली वस्तादांनी ही खोली मला नुसतीच वापरायला दिली आहे. मात्र दिवाळीपर्यंत. पुढे कुस्त्यांची मैदाने सुरू होतात आणि बाहेरगावचे पैलवान तिथे मुक्कामाला येतात. तोवर दुसरी जागा मिळाली नाही तर वर्ग बंद, आणि ही सगळी माणसे पुन्हा ढ.

भाषण संपताच पहिल्या रांगेतला एक म्हातारा काठीवर भार देऊन उभा राहिला. धोतर, काळा कोट, बाहीला जुन्या शाईचा डाग.

“पुरावा?” म्हणाला.

“कशाला?”

“हे ढ नव्हते, याला.”

“पुरावा समोर बसलाय.”

“समोर तर मीही बसलोय. मी पहिल्या खेपेला पास झालो.”

लोक हसले. माझ्या सभेत, मी विनोद केलेला नसताना. चौकशी केली. दत्तोपंत वकील. दरबारच्या कोर्टात मोठे नाव होते, संस्थान विलीन झाल्यावर सनद गुंडाळून घरी बसले. असा माणूस तालमीतल्या वर्गाला कशाला येईल? कुणीतरी पाठवल्याशिवाय येणार नाही.

रविवार, १२ ऑगस्ट

पुन्हा आले. पुन्हा पहिली रांग.

मी ‘कँडिडेट’ शब्द सांगत होतो. रोमचे उमेदवार पांढरेशुभ्र कपडे घालून मते मागायला निघत, म्हणून तो शब्द. “दोन हजार वर्षांत कपड्यांचा रंगसुद्धा बदलला नाही!” म्हणालो. निवडणुकीच्या रंगाने भिंती रंगायला लागल्यात, त्यामुळे हशा भरपूर.

काठी उभी राहिली. “छान. आता या माहितीवर तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याला मुंबईहून मोटारीचा सुटा भाग मागवता येईल? इंग्रजीत पत्र लिहून?”

आमचा सिकंदर मोटार-मेकॅनिक आहे. त्याने मान खाली घातली. मीही विषय बदलला.

घरी येताना सगळा नकाशा डोळ्यांपुढे आला. गुजरीतल्या व्यापाऱ्यांच्या ट्रस्टची एक धर्मशाळा आहे, तिची वरची माडी रिकामी आहे. ती मी वर्गासाठी मागितली आहे. तीच माडी प्रोफेसर केळवकरांनीही मागितली आहे, कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या खासगी शिकवणीसाठी. केळवकरांचे म्हणणे, इंग्रजी हे थोड्यांचे काम. मेकॅनिकाने पाना धरावा. मग माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसून माझे हसे करणारा माणूस कुणाचा असणार?

रविवार, १९ ऑगस्ट

आठवडाभर सिकंदरला घेऊन बसलो. आज सगळ्यांसमोर त्याने फळ्यावर पत्र लिहिले: गिअरचे चाक, अमुक कंपनीची लॉरी, रेल्वेने पाठवावे. एक शब्द चुकला, तो त्याने स्वतः पुसून नीट केला. हात खडूने पांढरा आणि चेहरा घामाने ओला. खोली दणाणली.

मी दत्तोपंतांकडे पाहिले. “ठीक,” एवढेच म्हणून ते बसले. पण चेहऱ्यावर समाधान होते. हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर समाधान कसले?

वर्ग सुटल्यावर विसरलेली छत्री घ्यायला परत गेलो, तर हौद्याच्या काठावर दत्तोपंत आणि मौलाली थंडाई पीत बसलेले. मला पाहून दोघेही गप्प.

“या मास्तर, थंडाई घ्या की,” मौलाली म्हणाले. “वकीलसाब आपलं आसंच आल्ते.”

तालमीत, त्या वयात, काठी टेकत कुणी असंच येत नाही. मी थंडाई घेतली नाही.

सोमवार, २७ ऑगस्ट

आज घरी हुग्गी होती. खपली गव्हाची खीर, भरपूर गूळ घातलेली. एक डबा भरून बाहेर चाललेला दिसला.

“कुणाला?” विचारले.

“दत्तोपंत वकिलांना,” विमला म्हणाली. “एकटेच असत्यात. कोण करून घालणार?”

“तुझी त्यांची ओळख कधीची?”

“अहो, कोल्हापुरात ओळख लागतीया व्हय डबा द्यायला?”

ती कागलची. सरळ उत्तर तिच्या माहेरी कुणी देत नाही. पण माझ्या घरची हुग्गी माझ्या विरोधकाच्या पोटात जाते, हे मी लिहून ठेवतो.

गुरुवार, ३० ऑगस्ट

आज दुपार वाचन मंदिरात गेली. गणेशोत्सवात पेठेच्या मंडळापुढे बोलायचे आहे, त्यासाठी शब्द शोधत होतो. मोठा कोश उघडला. मोठे शब्द सगळेच सांगतात. म्हटले, एक क्षुल्लक शब्द बघू, चिमूटभर, रोज दहा वेळा तोंडी येणारा. ‘विथ’. सोबत, बरोबर, सह.

आणि हादरलो. हजार वर्षांपूर्वी ‘विथ’चा अर्थ सोबत नव्हता. विरुद्ध होता! एकासमोर एक ठाकणे, टक्कर देणे. सोबतीसाठी इंग्रजांकडे वेगळा शब्द होता, ‘मिड’. जर्मन लोक अजून ‘मिट’ म्हणतात. ‘विथ’ने त्या ‘मिड’ला घरातून हाकलले आणि त्याच्या जागेवर बसला. जुना स्वभाव अजून काही ठिकाणी उघडा पडतो: ‘विदस्टँड’ म्हणजे सामना करणे, ‘विदहोल्ड’ म्हणजे अडवून धरणे.

कोश मिटला तरी तिथेच बसून राहिलो. जो सोबत म्हणून शेजारी बसतो तो मुळात विरोधी. मला हे आयुष्यभर वाटत आले होते, फक्त कोशाचा आधार नव्हता.

रविवार, ९ सप्टेंबर

मंडळापुढचे भाषण. मांडव भरलेला. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या भाषणांपैकी एक, असे मी म्हणतो आणि सिकंदरही म्हणतो.

“हा शब्द शत्रू म्हणून जन्मला,” मी म्हणालो, “आणि सोबती म्हणून वावरतो! कंपनी सरकार तरी दुसरे काय होते? आमच्याबरोबर व्यापार करायला आले. बरोबर! हाच शब्द घेऊन आले! आमच्या राजांबरोबर तह केले. बरोबर! तेव्हा कोल्हापूरकरांनो, कुणी खांद्यावर हात टाकून म्हणाला की मी तुझ्याबरोबर आहे, तर आधी त्याचा दुसरा हात बघा!”

मांडव उठला. आमच्या वर्गातल्या बयाबाई, सरकारी दवाखान्यात बाळंतपणे करतात, त्या पुढून ओरडल्या, “मास्तर, मग त्यो बिचारा ‘मिड’ गेला कुठं?”

“एकाच जागी जिवंत राहिलाय, बयाबाई. तुमच्या हुद्द्यात! मिडवाइफ. म्हणजे बाईच्या सोबत असणारी.”

“आगं बया! म्हंजी माझ्याच पदरात पडला व्हय!” बायकांची बाजू हसून लोटपोट.

आणि मग ती काठी.

“हेरवाडे, तुमची माहिती खरी आहे,” दत्तोपंत म्हणाले. “मीही तो कोश पाहिलाय. पण तुम्ही गोष्ट उलटी सांगताय.”

“उलटी कशी?”

“मित्र होता आणि शत्रू झाला, असं झालेलं नाही. शत्रू होता, तो सोबती झाला. आधी विरुद्ध, मग समोर, मग जवळ, मग बरोबर. इंग्लंडात डेन लोक लढायला आले, लढता लढता तिथेच राहिले, त्यांच्या बोलीत या शब्दाला दोन्ही अर्थ होते, त्यातून हे घडलं असं काही पंडित म्हणतात. ते जाऊ द्या. आपलं घ्या. आपण त्याच्याशी भांडलो म्हणतो आणि तिच्याशी लग्न केलं म्हणतो. ‘शी’ तोच. तेव्हा विश्वासघात कुठं झाला? पुरावा?”

पुन्हा हशा. कुणीतरी मागून म्हणाले, “लग्नाचा पुरावा घरात हाय की!” मी म्हणालो, “वकिलाला शत्रू आणि मित्र सारखेच, दोघांकडून तो फी घेतो.” टाळ्या मला मिळाल्या. पण उत्तर ते नव्हते, हे मला कळत होते, आणि त्यांनाही.

मंगळवार, ११ सप्टेंबर

रंकाळ्यावर फिरायला गेलो तर दत्तोपंत भेटले. टाळता आले नाही. माझ्याबरोबर चालू लागले. मग आपणहून बोलू लागले.

“इनामदार वकील आणि मी, सगळी हयात एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलो. पक्षकारांना वाटायचं, हे जन्माचे वैरी. संध्याकाळी दोघंही एकाच टांग्यातून घरी. टांग्यात पुन्हा तोच खटला, फक्त बाजू बदलून.” काठीने एक खडा बाजूला केला. “संस्थान गेलं म्हणून मी घरी बसलो, असं लोक म्हणतात. त्याच्या आदल्या वर्षी इनामदार गेले होते.”

बाजू बदलून भांडण्याची त्यांना सवय आहे, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केले. नोंद असावी.

सोमवार, १ ऑक्टोबर

ट्रस्टच्या शेठजींनी दोघांना बोलावले होते, मला आणि केळवकरांना. शेठजींना कुस्तीचा नाद.

“तुम्ही दोघंबी चांगलं बोलता म्हणं,” शेठजी म्हणाले. “मग आमी कशाला डोकं फोडायचं? धर्मशाळेच्या चौकात लोकांसमोर बोला, एकमेकाला प्रश्न विचारा. पंच बसवतो. जो कुस्ती मारंल त्याची माडी.”

रविवार, २१ ऑक्टोबर ठरला. केळवकर बाहेर पडताना हसून म्हणाले, “हेरवाडे, टाळ्यांवर पंच निकाल देत नाहीत.” हे वाक्य त्यांचे नाही. दत्तोपंतांच्या तोंडचे वाटते.

रविवार, ७ ऑक्टोबर

आज दत्तोपंतांनी मला अक्षरशः उभे सोलले. मी एक वाक्य बोलावे, त्यांनी उठावे. कशावरून? किती लोक? उद्या प्रोफेसर म्हणाले की इंग्रजी राज्य गेलं, आता सगळ्यांना इंग्रजी कशाला, तर? जिला शत्रू म्हणता तीच भाषा शिकवता कशाला? मी घामाघूम, तेही घामाघूम, एकदा तर तोल जाऊन बाकाला धरले. वर्गातल्या माणसांना टाळ्या वाजवायला सवड मिळाली नाही. शेवटी माझा घसा बसला.

दारात मौलाली हाताची घडी घालून उभे होते. “आता बास,” म्हणाले. मला वाटले मला म्हणतात. पण ते दत्तोपंतांकडे बघत होते, आणि दत्तोपंतांनी मान हलवली.

हा कसला इशारा?

रविवार, १४ ऑक्टोबर

दत्तोपंत आले नाहीत. पहिल्या रांगेतली जागा मोकळी. मी बोललो, लोकांनी टाळ्या दिल्या, पण मधेच थांबून मी त्या मोकळ्या जागेकडे बघत होतो, असे सिकंदर म्हणाला.

आणि काल संध्याकाळी मी त्यांना केळवकरांच्या शिकवणीतून बाहेर पडताना या डोळ्यांनी पाहिले. माझे सगळे मुद्दे पोटात घेऊन गेले. महिनोन् महिने माझ्यासमोर बसले ते यासाठी. काम झाले, आता माझ्याकडे यायचे कारण उरले नाही. याहून स्पष्ट आणखी काय हवे?

मौलालींना विचारले, वकील का आले नाहीत. “येत्याल की,” म्हणाले आणि आत जाऊन पोरांवर ओरडू लागले. हाही त्यातलाच.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

बिंदू चौकात सभा घेतली. लाउडस्पीकर लावला. नाव घेतले.

“माझ्या पहिल्या रांगेत बसलेला माणूस केळवकरांना विकला गेला आहे! दत्तोपंत वकील! दोन महिने सोबत बसले आणि विरुद्ध निघाले. गरिबांच्या वर्गाचा गळा दाबण्यासाठी हा माणूस माझ्या दारात पाठवला गेला होता!”

गर्दी खवळली. माझ्या बोलण्याने माणसे अशी पेटतात, तेव्हा अंगात वेगळेच बळ येते. तेवढ्यात टांगा स्टँडपाशी ती काठी दिसली. दत्तोपंत उभे होते. वाटले, आता उठेल आवाज: पुरावा? मी उत्तर तयार ठेवले.

आवाज आला नाही. शेवटपर्यंत उभे राहिले आणि पायी निघून गेले. टांगेवाला हाक मारत होता, तरी पायी.

विमलाने जेवायला वाढले, पण बोलली नाही. गुन्हेगार गप्प बसतात.

रविवार, २१ ऑक्टोबर

जिंकलो! माडी आमची!

धर्मशाळेचा चौक माणसांनी गच्च. केळवकर तयारीचे गडी. उठल्या उठल्या त्यांनी विचारले, शब्दांची गावे सांगून मेकॅनिकाला इंग्रजी येते काय? मी सिकंदरला पुढे बोलावले. फळा मागवला. शेठजींनी सांगितलेले पत्र त्याने तिथल्या तिथे इंग्रजीत लिहिले. पंच पुढे वाकून वाचत होते.

मग त्यांचा हुकमी डाव. “हेरवाडे, गणपतीत तुम्ही या भाषेला शत्रू म्हणालात. मग शत्रूची भाषा लोकांच्या गळी का उतरवता?”

आणि मला उत्तर सुचले, तिथेच, उभ्या उभ्या.

“प्रोफेसर, ‘विथ’ हा शब्द आधी विरुद्ध होता, मग समोर आला, मग जवळ, मग बरोबर! जी भाषा आमच्याविरुद्ध उभी होती, तिच्याशी समोरासमोर झटल्याशिवाय ती आमची सोबती होणार नाही. तुमचे म्हणणे, थोड्यांनीच झटावे. माझे म्हणणे, सगळ्यांना आखाड्यात येऊ द्या!”

शेठजी मांडीवर थाप मारून उठले. पंचांना आत जावेही लागले नाही.

आश्चर्य एवढेच की त्यांचा एकही प्रश्न मला नवा वाटला नाही. जणू सगळे मी आधी कुठेतरी झेलले होते. आणि दत्तोपंतांनी माझे मुद्दे पोचवले होते, तर केळवकर सिकंदरच्या पत्राने एवढे गांगरले कसे? उद्या विचार करीन.

बुधवार, २४ ऑक्टोबर

लिहावेसे वाटत नाही. लिहितो.

बाके हलवायला तालमीत गेलो. मौलाली हौद्यात पाणी शिंपडत होते. मी म्हणालो, “वस्ताद, तुमच्या वकिलांचा डाव फसला.”

त्यांनी घागर खाली ठेवली. “मास्तर, आता मैदान झालं. आता सांगतो. पैलवानाला जोड लागतोय का न्हाय?”

“जोड?”

“रोज ज्याच्याशी लढायचं त्यो. तुमी लई झ्याक बोलता, पर तुमच्या म्होरं कुनीच न्हाय. आमची पोरं नुसत्या टाळ्या वाजवत्यात. अशानं पैलवान सुटतोय. प्वाट येतंय त्याला. तवा मीच वकीलसाबांकडं गेलतो. म्हनलं, आमच्या मास्तराला जोड पायजे.”

मी बाकावर बसलो. “मला का नाही सांगितलेत?”

“सांगत न्हाईत. जोड कुनी आणला ते पैलवानाला सांगितलं की त्यो हात राखून खेळतोय. आमच्या तालमीची रीत हाय ती.”

“आणि ते यायचे बंद झाले?”

“मैदान जवळ आलं की जोड बंदच करतोय आमी. इसावा नगं? मीच म्हनलं, आता बास.”

“केळवकरांच्या शिकवणीत गेले होते ते?”

“गड्याचा डाव बघाय गेलते! त्येचा हुकमी सवाल वकीलसाबांनी तिथंच ऐकला हुता, आन तुमच्याकडनं आधीच घोटून घेतल्याला निघाला, म्हनून खूश हुते.” मौलाली कपाळ चोळत राहिले. “चूक माझी बी हाय, मास्तर. बिंदू चौकातलं ऐकून मी पळत गेलो त्येंच्याकडं. म्हनलं, आत्ताच जाऊन सांगतो. तर म्हनले, मौलाली, आता बोलू नको. लढतीच्या तोंडावर त्याचं मन मोडंल.”

मागे दोन पैलवान हौद्यात उतरले. एकाने मूठभर माती घेऊन दुसऱ्याच्या छातीवर, खांद्यावर लावली. दुसऱ्याने त्याला लावली. घामाने हात निसटू नये म्हणून. आपल्याला धरायला समोरच्याला पकड मिळावी, याची सोय आधी करून मग ते भिडले. मी इतके दिवस या खोलीत या हौद्याकडे पाठ करून बोललो.

घरी आल्यावर विमलाला विचारले, तुला माहीत होते?

“व्हय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्याशी वाद कोण घालणार? मी घातला असता तर ताटावरून उठला असता. म्हटलं, बाहेर तरी कोणीतरी घालतंय, त्याला हुग्गी द्यावी.”

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

दत्तोपंतांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडले, बसा म्हणाले, स्वतः चहा केला. काठी कोपऱ्यात टेकवलेली होती.

मी क्षमा मागितली. “असू द्या,” म्हणाले. “सभेत असं होतं.”

“‘विथ’बद्दल तुमचेच बरोबर होते.”

“तुमचंही बरोबर होतं.”

“मी तुमचा मुद्दा माझा म्हणून वापरला.”

“मुद्दा कुणाचा नसतो.”

मला भीती वाटू लागली. मुद्दाम चुकीचे बोललो. “तो ‘कँडिडेट’ शब्द. मी आता पाहिले, तो ग्रीक आहे.”

त्यांना माहीत होते, तो लॅटिन आहे. डोळ्यांत क्षणभर काहीतरी हलले. मग कपात बघत म्हणाले, “असेल.”

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या. ‘असेल’ इतकी कुठलीच लागली नाही.

शनिवार, ३ नोव्हेंबर

उद्या माडीवर पहिला वर्ग. शेठजी येणार, बयाबाई नारळ फोडणार. बाके लागली. पहिल्या रांगेतली मधली जागा कुणाला द्यायची नाही, असे सिकंदरला सांगितले आहे.

टांगा ठरवला आहे. वकिलांना आणायला मी स्वतः जाणार. विमला म्हणाली, नको म्हणाले तर? मौलाली म्हणाले, “न्हाय म्हनले तर खांद्यावर घालून आणतो.” मी म्हणालो, दाराशी बसून राहीन, पण त्यांना घेतल्याशिवाय वर्ग सुरू करणार नाही. नाव बिंदू चौकात घेतले होते, तेव्हा हे बंद खोलीत मिटणारे नाही. भाषणाची सुरुवात लिहून ठेवतो. बाकीच्या कोल्हापूरकरांना उद्या जरा थांबावे लागेल.

“दत्तोपंत वकील! तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्यासमोर कुणी उरले नाही. तुमचे इनामदार देवाने नेले. माझा माणूस मी स्वतः घालवला, लाउडस्पीकर लावून. ज्या तोंडाने तुम्हाला विकलेला म्हटले त्याच तोंडाने सांगतो, ते खोटे होते, आणि माझ्याजवळ संशयाखेरीज काही नव्हते. ही माडी तुमच्या प्रश्नांनी जिंकली आहे. मी फक्त बोललो.

“कोल्हापूरकरांनो, आज मी तुम्हाला सांगणार आहे की ‘विथ’ हा जगातला सर्वांत थोर शब्द आहे. वकीलसाहेब, हे वाक्य पोकळ आहे. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. यातला दोष या माडीवर दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, सगळे टाळ्या वाजवतील. खाली टांगा थांबला आहे. परत जाताना मी तुमच्या शेजारी बसेन आणि तुम्ही म्हणाल ती बाजू घेईन. त्याआधी माझ्यासाठी एवढे एकच करा. काठी हातात घ्या, पहिल्या रांगेतून उभे राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारा: पुरावा?”